इयत्तेप्रमाणे मूल कुठे आहे? शालेय चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभा संपली की खरे प्रश्न सुरू होतात. सभेत गप्प बसलेली आई व्हरांड्यात थांबते आणि हळूच विचारते, "बाई, तो पॅटचा पेपर झाला, त्यात आमच्या पोराचं काय?" (पॅट ही राज्याची चाचणी, तिच्याबद्दल खाली सांगते.) गेल्या काही वर्षांत चाचण्या वाढल्या, तसे हे प्रश्नही वाढले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. पालकांनी आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शाळांना धरून आहेत.

प्रमाणित चाचणी म्हणजे काय? आमच्या शाळेची घटक चाचणी प्रमाणित नसते का?

नसते. बाजारात प्रत्येक दुकानदाराने आपापला दगड किलो म्हणून तराजूत टाकला, तर एका दुकानातला किलो दुसऱ्या दुकानातल्या किलोशी जुळणार नाही. म्हणून वजनांवर सरकारी शिक्का असतो. घटक चाचणी हा ज्याच्या त्याच्या दुकानातला दगड आहे. मी माझ्या वर्गासाठी काढलेला पेपर माझ्या कामाला पुरतो, पण त्यातले ८० आणि शेजारच्या गावातल्या शाळेतले ८० यांची तुलना करता येत नाही.

प्रमाणित चाचणीत प्रश्न, सूचना, वेळ आणि तपासण्याची पद्धत या चारही गोष्टी सगळीकडे एकसारख्या असाव्या लागतात. त्याशिवाय एक काम आधीच व्हावं लागतं, ते म्हणजे प्रश्नांची पूर्वपरीक्षा. प्रश्न थोड्या मुलांवर वापरून बघतात. जो सगळ्यांनाच येतो किंवा कुणालाच येत नाही, त्यातून फारसं कळत नाही. हुशार मुलं चुकली आणि कच्च्या मुलांना बरोबर आला, असं झालं तर खोट प्रश्नातच आहे, म्हणून तो काढून टाकतात. हे काम नीट झालं नसेल, तर हजारो शाळांत एकच पेपर वाटला तरी तो एकसारखा पेपर होतो, एवढंच. प्रमाणित म्हणायला तो कमीच पडतो.

'इयत्तेप्रमाणे' यायला हवं, हे कोण ठरवतं?

बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर 'अध्ययन निष्पत्ती' म्हणून एक यादी असते. त्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे, ते तिथे दिलेलं असतं. एनसीईआरटीने २०१७ मध्ये इयत्तावार निष्पत्ती प्रसिद्ध केल्या, आणि आजच्या बहुतेक चाचण्या त्यांच्यावरच बेतलेल्या असतात. पालक पुस्तकातले धडे मोजतात, पण ही यादी कुणी वाचत नाही. वाचा. दहा मिनिटं लागतात.

खालच्या वर्गांसाठी त्याहून ठोस उद्दिष्टं आहेत. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानुसार, दुसरीच्या शेवटी मुलाने न पाहिलेला सोपा मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने समजून वाचावा आणि ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या.

इथे एक पोटतिडकीची विनंती आहे. घड्याळ लावून मुलाला धावत वाचायला लावू नका. 'समजून' हा शब्द त्या उद्दिष्टातच आहे. शिवाय आपल्या मराठीत 'झाडाखालच्यांनासुद्धा' हा एकच शब्द. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय, सगळं एकत्र चिकटलेलं. असा एक शब्द सोडवायला पोर थांबलं, तर ते अडखळत नसतं, ते काम करत असतं.

पॅट, नॅस, परख, असर... यातली कुठली चाचणी कशासाठी?

नावं खूप आहेत, म्हणून एकेक घेते.

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. राज्याची चाचणी. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ती घेते. शालेय शिक्षण सुधारण्याच्या केंद्राच्या 'स्टार्स' प्रकल्पात सहा राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र होता, आणि पॅट त्या प्रकल्पातून आली. २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीच्या वर्गांपासून सुरुवात झाली, पुढे इयत्तांमध्ये थोडाफार बदल होत गेला. वर्षातून तीनदा होते: सुरुवातीला पायाभूत, दिवाळीच्या आसपास संकलित एक आणि वर्षअखेरीस संकलित दोन. विषय तीनच: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधलं प्रत्येक मूल ती देतं. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेवर असते, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. चौथीतल्या मुलीला ऑगस्टमध्ये तिसरीचं गणित का विचारलं म्हणून रागावू नका. जमीन कुठवर भिजली आहे, ते पेरणीआधी पाहायचं असतं.

तशी ही कल्पना नवी नाही. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, तेव्हाही भाषा-गणिताच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या राज्यभर झाल्या होत्या. 'अप्रगत' हा शब्द स्टाफरूममध्ये तेव्हाच रुळला. मला तो कधीच आवडला नाही. चाचणीत मुलाची एक क्षमता त्या दिवशी कमी दिसलेली असते, पण तो शब्द चिकटतो अख्ख्या मुलाला.

नॅस म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभरात एकाच दिवशी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या सुमारे ३४ लाख मुलांनी ते दिलं. त्याच्या पुढचं सर्वेक्षण 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' या नावाने ४ डिसेंबर २०२४ रोजी झालं. या वेळी वर्ग बदलले: तिसरी, सहावी, नववी. नव्या शैक्षणिक धोरणातले टप्पे जिथे संपतात, त्यांच्याशी ते जुळवलेले आहेत. ७८१ जिल्ह्यांतल्या ७४ हजारांहून जास्त शाळा आणि २१ लाखांवर मुलं त्यात होती.

असर हे मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण, पण हा सरकारी उपक्रम नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने तो २००५ पासून चालतो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

माझा मुलगा शिष्यवृत्तीला गुणवत्ता यादीत आला. मग तो इयत्तेच्या पुढेच आहे ना?

अभिनंदन. पण त्या परीक्षेचं काम वेगळं आहे. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती किंवा नवोदयची प्रवेश परीक्षा या निवड परीक्षा आहेत. हजारो मुलांतून थोडी वेचायची, म्हणून त्यांचे प्रश्न मुलांमध्ये जास्तीत जास्त अंतर पडेल असे काढतात. इयत्ता पातळीच्या चाचणीत सगळ्या वर्गाला सगळं आलं, तर ती चाचणी यशस्वी. निवड परीक्षेत सगळ्यांना सगळं आलं, तर ती फसली. उलट बाजूनेही हे ध्यानात ठेवा: शिष्यवृत्तीत नंबर न लागलेलं मूल इयत्तेच्या मागे आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आमचा जिल्हा सर्वेक्षणात मागे आहे, अशी बातमी आली. म्हणजे आमची शाळा वाईट?

नॅस आणि परख ही नमुना सर्वेक्षणं आहेत. भात शिजला का ते शितावरून पाहतात, तसं. जिल्ह्यातल्या काही शाळा आणि त्या शाळांतली काही मुलं निवडतात आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधतात. त्यातून एका शाळेचा निकाल लागत नाही, एका मुलाचा तर नाहीच. तुमच्या मुलीला 'नॅसमध्ये किती पडले' हे कुणीच सांगू शकणार नाही.

मात्र मोठं चित्र पाहायला हे आकडे खरोखर उपयोगी आहेत. २०२१ च्या नॅसमध्ये ५०० च्या मापावर गणिताची देशाची सरासरी तिसरीत ३०६, पाचवीत २८४ आणि आठवीत २५५ होती. परखच्या २०२४ च्या निष्कर्षांनुसार तिसरीतल्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, आणि सहावीतल्या ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे येत होते, वापरता येत होते. सहावीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांचे पाढे पक्के नाहीत. अशा वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवायला उभी राहणारी बाई काय करेल, याचा विचार करा. ती लघुतम साधारण विभाज्य काढायला सांगते आणि मुलं सातच्या पाढ्यातच अडकतात. गणित वरच्या वर्गांत बिघडताना दिसतं, पण त्याची गळती खालीच सुरू झालेली असते.

पॅटमध्ये मुलीला ३० पैकी १८ मिळाले. चांगले की वाईट?

नुसत्या १८ वरून मला सांगता येणार नाही. पेपर मला दाखवा.

हे टाळाटाळीचं उत्तर नाही. कुठल्याही चाचणीच्या गुणांत थोडी हलती जागा असते. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी बसली असती, तर कदाचित १६ पडले असते, कदाचित २०. रात्री झोप झाली नसेल, एका प्रश्नाची सूचना कळली नसेल, चार पर्यायांतला एक अंदाजाने बरोबर लागला असेल. म्हणून १८ आणि १९ मधला फरक हा फरकच नव्हे. १८ आणि ८ मधला आहे.

आणि एकाच १८ च्या मागे दोन वेगळी मुलं असू शकतात. एकीला बेरीज-वजाबाकी, आकृत्या सगळं आलं आणि शाब्दिक उदाहरणं सगळी गेली. तिचं गणित ठीक आहे, वाचन कच्चं आहे. दुसरीला शाब्दिक उदाहरणं समजली, मांडणीही बरोबर केली, पण हातच्याची वजाबाकी दर वेळी चुकली. दोघींना सारखेच गुण आहेत. सोमवारी वर्गात दोघींना द्यायचं काम मात्र अगदी वेगळं.

मग पेपरात नेमकं काय बघायचं?

चुकलेली उत्तरं. इतक्या वर्षांत मला चाचण्यांनी जे काही शिकवलं, ते चुकलेल्या उत्तरांनी शिकवलं. बरोबर उत्तर एकच असतं, चुकीची मात्र प्रत्येक मुलाची आपापली, आणि त्यामागे जवळजवळ नेहमीच विचार असतो.

५२ मधून २७ वजा करा. उत्तर आलं ३५. मूल निष्काळजी नाही. 'दोनातून सात जात नाहीत' असं कळल्यावर त्याने सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याने स्वतः बनवला आहे. याला आणखी पन्नास वजाबाक्या दिल्या तर तो पन्नासही अशाच करेल. त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्या, एक दशक सोडून सुटे करायला लावा. दोन दिवसांत नियम बदलतो.

'चारशे तीन' लिहा म्हटलं, लिहिलं ४००३. जसं ऐकलं तसं लिहिलं: चारशे, मग तीन. स्थानिक किंमत अजून बसलेली नाही. ८२४ भागिले ८, उत्तर १३. मधलं शून्य गेलं. त्याच मुलाला 'आठशे चोवीस रुपये आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला शंभराच्या वर मिळतील की खाली?' असं तोंडी विचारा. तो लगेच सांगतो, वर. म्हणजे त्याला अंदाज आहे, रीत त्याच्या अंदाजापासून तुटली आहे.

आणि मग आपले मराठी आकडे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, म्हणून दुसरीतलं मूल ५२ लिहितं. 'एकोणचाळीस' मध्ये चाळीस ऐकू येतं, म्हणून लिहितं ४९. हे मूल गणितात कच्चं आहे का? त्याच्यासमोर ३९ मणी ठेवा, ते नीट मोजतं, गठ्ठे करतं, बेरीजही करतं. त्याला अडवतोय शब्द. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता! गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यांची धास्ती बसते, म्हणून ही सोपी वाट. जुने शब्द कुणी काढून घेतलेले नव्हते. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही त्यांचं म्हणणं पटावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

भाषेच्या पेपरातही असंच. उताऱ्याखाली प्रश्न असतो, 'राजूला वाईट का वाटलं?' आणि मूल उताऱ्यातलं 'राजूला खूप वाईट वाटलं' हे वाक्य जसंच्या तसं उतरवून काढतं. त्याने प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधला. वाचता येतं, शोधता येतं, पण 'का' चं उत्तर त्याच्या आधीच्या वाक्यात असतं, हे कुणी दाखवलेलं नाही. तेवढंच दाखवायचं आहे.

गुण भरले, पुढे काय? (हा प्रश्न शिक्षकांचा)

पॅटचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती एकत्र करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, चॅटबॉटवर मुलागणिक भरावे लागतात. नेटवर्क नसलेल्या वाडीवर हे काम किती रात्री खातं, ते मला माहीत आहे. माझी तक्रार वेगळी आहे. गुण वर जातात, पण पेपर कपाटात जातात. जी गोष्ट वर्गाच्या कामाची, तीच धूळ खात पडते.

मी काय करते ते सांगते. पेपर तपासताना शेजारी एक कोरी वही ठेवते. एका पानावर एक चूक लिहायची, खाली ती चूक केलेल्या मुलांची नावं. पस्तीस मुलांच्या गणिताच्या पेपरातून साधारण सहा-सात पानं भरतात, जास्त नाही. मग त्या पानांप्रमाणे गट करायचे, 'हुशार' आणि 'ढ' असे नाहीत. एकोणचाळीसच्या पानावर वर्गातली पहिली येणारी मुलगीही असते. एका गटाला आठवडाभर रोज पंधरा मिनिटं द्यायची आणि ते पान फाडायचं. पान फाडण्याचं काम मुलांना द्या, त्यांना फार आवडतं.

पेपर आधीच मोबाइलवर फिरत होता. मग या चाचणीला अर्थ काय राहिला?

त्या शाळेपुरता काहीही नाही. पॅटच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं परीक्षेआधी समाजमाध्यमांवर आल्याच्या बातम्या झाल्या आहेत, आणि त्या वाचून मला मनापासून वाईट वाटलं. फळ्यावर उत्तरं लिहून देणारा वर्गही मी पाहिला आहे. शिक्षक वाईट नव्हते. निकाल कमी लागला तर वरून विचारणा होईल, ही भीती होती.

इथे सगळ्या साखळीची चूक आहे, आणि ती स्पष्ट बोलायला हवी. ताप मोजण्याचं यंत्र हातात देऊन 'आकडा जास्त आला तर बघा' असा दम भरला, की माणूस यंत्र गार पाण्यात बुडवतो. पायाभूत चाचणीत कमी गुण येणं हा शिक्षकाचा अपराध नाही. ज्याच्या वर्गाचे गुण खरे असतात, त्यालाच पुढच्या चाचणीत झालेली वाढ दाखवता येते. फुगवलेल्या गुणांच्या शाळेत वाढ दिसणारच कुठून?

पालकांसाठी: पेपर मोबाइलवर आला तर मुलाला दाखवू नका. या चाचणीच्या गुणांवर कुठलाही प्रवेश अवलंबून नाही. दाखवलात तर तुमच्या मुलाचं काय कच्चं राहिलंय, हे कळण्याची एक संधी तुम्हीच घालवता.

असरचे आकडे नेहमी सरकारी सर्वेक्षणापेक्षा भीतीदायक का असतात? खरं कोणाचं?

दोघांचंही, कारण ते वेगळ्या गोष्टी मोजतात. असरचे कार्यकर्ते शाळेत न जाता घरी जातात. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं, फक्त ग्रामीण भाग. ते मुलाजवळ बसून एकेकाला तोंडी विचारतात: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार. पाचवीतलं मूल असो की आठवीतलं, साधन तेच. म्हणजे असर इयत्ता मोजत नाही, पाया मोजतो. नॅस आणि परख शाळेत होतात, लेखी, पर्यायी उत्तरांचे प्रश्न, आणि त्या त्या टप्प्याच्या क्षमतांवर. पर्यायांतून निवडायचं असेल तर वाचता न येणाऱ्या मुलालाही चारातला एखादा अंदाजाने लागतो. समोर बसून गोष्ट वाचायची असेल तर नाही.

असरचा मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वर्षानुवर्षं एकच मोजपट्टी वापरण्याचा हट्ट. देशातल्या सरकारी शाळांच्या तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये १६.३ वर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ वर आली. आकडा लहान आहे, हे खरंच आहे. पण पट्टी तीच असल्यामुळे, घसरण झाली आणि ती भरूनही निघाली, हे आपण खात्रीने म्हणू शकतो.

या चाचण्यांत मूल नापास होतं का?

पॅट, नॅस, परख, असर: नाही. यातल्या कशावरूनही कुणाला मागे ठेवत नाहीत.

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा ही वेगळी बाब आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि राज्यांना तशी मुभा मिळाली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती अमलात आणली. कमी पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा मिळते. तीतही कमी पडलं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'दुसरीकडे घाला' असं कुणी सांगितलं, तर लेखी मागा.

आम्ही उसतोडीला जातो. पोरगी निम्मं वर्ष शाळेत नसते. तिची चाचणी कशी धरायची?

हा प्रश्न मला एका बापाने ऑक्टोबरच्या शेवटी, गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी विचारला होता.

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरच्या कितीतरी वस्त्या रिकाम्या होतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, माणसं परत येतात. म्हणजे तीनपैकी या मुलांच्या वाट्याला खात्रीने येणारी चाचणी एकच, पायाभूत. संकलितच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लागतं आणि सरासरीतून ती मुलं गळतात. ज्यांना मोजायची सगळ्यात जास्त गरज, तीच मोजणीबाहेर राहतात.

करता येण्यासारखं हे आहे: गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल, तर मुलीला आजी-आजोबांजवळ ठेवून तिथे नाव घालण्याचा जरूर विचार करा. न्यायचंच असेल, तर जाण्याआधी बाईंना भेटा आणि पायाभूतच्या पेपरातल्या दोन-तीन मोठ्या चुका कागदावर लिहून घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत तो कागद दाखवा. तिथल्या शिक्षकाला अनोळखी मुलीला कुठून शिकवायला सुरुवात करायची, ते शोधण्यात महिना घालवावा लागणार नाही. परत आल्यावर तोंडी चाचणी मागा. पेपर संपले म्हणून मोजणी संपत नाही.

घरी आम्ही कोरकू बोलतो. पेपर प्रमाण मराठीत येतो. पोराला कळतच नाही.

मग तो पेपर आधी त्याचं मराठी मोजतो आणि उरलं तर गणित. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीत शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक आहे. शाब्दिक उदाहरण तुम्ही त्याला घरच्या भाषेत सांगा आणि उत्तर बोटांवर मागा. आलं, तर शिक्षकांना आवर्जून सांगा: 'त्याला हिशेब येतो, शब्द येत नाहीत.' हे एक वाक्य शिक्षकासाठी अख्ख्या गुणपत्रकापेक्षा मोलाचं असतं.

दिव्यांग मुलांना ही चाचणी द्यावी लागते का?

वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपण कुठे आहोत ते कळण्याचा हक्क आहे. जादा वेळ, लेखनिक, मोठा टाइप, तोंडी उत्तर यांपैकी काय लागेल ते समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोलून चाचणीच्या आधी ठरवा. 'आज त्याला आणू नका' असा निरोप आला, तर तो मानू नका.

चाचणीसाठी शिकवणी लावू का? सरावसंच घेऊ का?

नको. इयत्ता पातळीची चाचणी तयारी करून दिली, की ती तयारी मोजते.

माझी नात अमेरिकेत तिसरीत आहे. तिच्या निकालावर '६२ वा पर्सेंटाइल' लिहिलंय. म्हणजे ६२ टक्के गुण?

नाही. तिच्यासारख्या इयत्तेतल्या १०० मुलांपैकी साधारण ६२ मुलांच्या ती पुढे आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सीईटीच्या निकालामुळे हा शब्द घराघरांत पोचला, पण टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत अजून होते. पर्सेंटाइल मुलाची तुलना दुसऱ्या मुलांशी करतो, अध्ययन निष्पत्ती मुलाची तुलना कामाशी करते. सगळा वर्गच मागे असेल, तर ९० व्या पर्सेंटाइलवरच्या मुलालाही भागाकार येत नसेल. अमेरिकेत २००२ च्या कायद्यापासून तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणिताची चाचणी दरवर्षी होते. त्या निकालात 'इयत्तेच्या पातळीवर आहे का' याची वेगळी ओळ असते. आजोबा, ती आधी वाचा.

संकलित दोन झाली. मुलगा पाचवीत जाणार, पण वाचन दुसरीचं आहे. सुट्टीत काय करू?

आधी त्याला 'तू मागे आहेस' हे सांगणं थांबवा. त्याला ते तुमच्याआधीपासून माहीत आहे.

रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. पहिला आठवडा तुम्ही वाचा, तो ऐकेल, बोट तुमचं ओळीवर. दुसऱ्या आठवड्यात एक ओळ तुम्ही, एक तो. गोष्ट दुसरीच्या पुस्तकातलीच घ्या. चौथीचं पुस्तक पुढे ठेवून त्याला रोज हरवू नका. जोडाक्षराला अडला तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. तो शब्द दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीवर, एसटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत शोधायला लावा. लग्नपत्रिका फार कामाच्या असतात: 'श्री', 'ज्येष्ठ', 'स्नेहांकित', अवघड जोडाक्षरांची खाणच. गोष्ट संपली की एकच प्रश्न विचारा, 'असं का झालं असेल?' आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं, मलाही.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी त्याला घेऊन या. मी त्याला दुसरीची गोष्ट वाचायला देईन, आणि तुम्ही सुट्टीत केलेली वीस मिनिटं मला पहिल्या परिच्छेदातच ऐकू येतील.